समोरचा कुठे मारणार, हे आधी कसं कळतं?

प्रश्न असा आहे: "वय 41. तीन वर्षांपासून कोल्हापुरात आठवड्यातून चार दिवस टेनिस खेळतो. कोच बॉल देतात तेव्हा फोरहँड, बॅकहँड दोन्ही व्यवस्थित बसतात. मॅचमध्ये मात्र प्रत्येक बॉलला अर्धं पाऊल उशीर होतो. माझ्याहून वयाने मोठे, पायाने संथ खेळाडू आरामात पोहोचतात. त्यांना समोरच्याचा फटका आधीच कळतो असं वाटतं. ही उपजत देणगी असते की शिकता येते? आणि एक जण मला सारखा ड्रॉप शॉटवर (नेटपलीकडे हलकेच टाकलेल्या बॉलवर) मारतो, त्याचं काय करू?"

शिकता येते. गेली सव्वीस वर्षं मी कोल्हापुरात मुलांना आणि मोठ्यांना टेनिस शिकवतो आहे. चपळ पोरं यात वर्षानुवर्षं कच्ची राहिलेली पाहिली आहेत आणि पन्नाशीतली माणसं सहा महिन्यांत सुधारलेलीही पाहिली आहेत. तुम्ही ज्याला उशीर म्हणता तो पायांचा नाही. तुमच्या डोळ्यांना बातमी उशिरा पोहोचते आहे, कारण ते बातमीची वाट चुकीच्या जागी बघत आहेत.

आधी वेळेचा हिशोब मांडू. कोर्टाची लांबी 23.77 मीटर. आपल्यासारख्यांचा बऱ्यापैकी जोराचा फोरहँड या बेसलाइनवरून (कोर्टाच्या मागच्या टोकाच्या रेषेवरून) त्या बेसलाइनला जायला साधारण सव्वा सेकंद घेतो. डोळ्यांनी काही दिसल्यापासून शरीर हलायला लागेपर्यंत कुणाचेही सुमारे 0.2 सेकंद जातात. हा आकडा सरावाने फारसा कमी होत नाही आणि मोठमोठ्या खेळाडूंचाही आपल्यापेक्षा फार वेगळा नसतो. आता तुम्ही बॉल नेटवर आल्यावर "अरे, बॅकहँडला आला" असं ओळखत असाल, तर निम्मा वेळ तिथेच संपला. उरलेल्या वेळात धावायचं, थांबायचं, रॅकेट मागे न्यायची आणि मारायचं. जो काका आरामात पोहोचतो त्याने बॉल समोरच्याच्या रॅकेटला लागायच्या आधीच निम्मं ओळखलेलं असतं. 0.2 सेकंद आधी निघालेला माणूस साध्या चालीतही जवळपास एक फूट पुढे असतो. तुमचं ते अर्धं पाऊल इथे हरवतं.

हे नुसतं माझं मत नाही. सर्व्हिसची फिल्म दाखवायची, बॉल रॅकेटला लागण्याआधीच ती थांबवायची आणि बघणाऱ्याला विचारायचं की बॉल कुठे पडेल, असे प्रयोग 1970 च्या दशकापासून झाले आहेत. बॉल निघालेलाच नाही, तरी मुरलेल्या खेळाडूंचे अंदाज नवख्यांपेक्षा सरस ठरतात. बातमी हवेत नसते, ती माणसात असते.

आमच्या कोर्टवर बँकेतून निवृत्त झालेले एक काका येतात. वय 68, दोन्ही गुडघे दुखरे, उन्हाळ्यातसुद्धा पट्टे बांधून खेळतात. एकदा त्यांनी माझ्याकडच्या चौदा वर्षांच्या एका मुलाला 6-2 हरवलं. मुलगा जिल्हा पातळीवर खेळणारा, पायाला स्प्रिंगा लावल्यासारखा. तो घामाघूम होऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, काकांना आधीच दिसतंय वो सगळं!" मी काकांना विचारलं, कसं काय ओळखता? काका शांतपणे म्हणाले, "ओळखायचं काय त्यात? मी त्याला दुसरं काही मारायला ठेवतच नाही."

ते ऐकल्यावर माझी शिकवण्याची पद्धतच बदलली. तोवर मी मुलांना "समोरच्याकडे बघा" एवढंच सांगत होतो. काकांचं बघणं त्याच्या एक फटका आधी सुरू व्हायचं. ते त्या मुलाच्या बॅकहँडला गुडघ्याच्याही खाली राहणारा संथ स्लाइस (बॉल खालून कापत मारलेला फटका) टाकायचे आणि तो खोल जायचा. इतक्या खालून बॉल नेटवरून काढायचा म्हणजे वर उचलावाच लागतो, आणि वर उचललेला बॉल जोरात मारला तर बाहेर जातो. मुलाकडे उरायचं काय? तिरका संथ बॉल नाहीतर लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच टाकलेला बॉल. काका दोन पावलं तिरक्याच्या बाजूला सरकून उभे.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच: समोरच्याचा फटका ओळखायला सुरुवात तुमच्या फटक्यापासून करा. बॉल तुमच्या रॅकेटवरून सुटला त्या क्षणी तुम्हाला जगात सर्वांत जास्त माहिती असते, कारण तो कुठे, किती उंच, किती खोल चालला आहे हे तुम्हालाच आधी कळतं. बहुतेक लोक मात्र ते दोन क्षण आपला फटका चांगला बसला का, हे बघण्यात घालवतात. तेव्हा मनात एकच प्रश्न यायला हवा की याच्यावर हा काय करू शकत नाही. खांद्याच्या वर उसळलेल्या बॅकहँडवर फार कमी लोक जोरात सरळ मारू शकतात. पूर्ण ताणून धावत पोहोचलेला माणूस तिरका मारेल किंवा लॉब टाकेल. पाठीमागच्या जाळीपर्यंत रेटलेला माणूस ड्रॉप शॉट खेळायच्या भानगडीत सहसा पडत नाही. उलट तुमचा बॉल सर्व्हिस बॉक्समध्ये आखूड पडला, कमरेच्या उंचीला बसला आणि तो निवांत उभा असेल, तर त्याला सगळं मारता येतं. तिथे काही ओळखू आलं नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका, दोष आधीच्या फटक्याला द्या.

अडचणीतला माणूस तिरका का मारतो, याला नेटाचं आणि कोर्टाचं गणित आहे. नेट मध्यावर 91.4 सेंटीमीटर आणि खांबांपाशी 1.07 मीटर उंच असतं. सिंगल्सचं कोर्ट 8.23 मीटर रुंद, म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरकी लांबी 25.15 मीटर होते, सरळपेक्षा जवळपास 1.4 मीटर जास्त. तिरक्या फटक्याला नेट बुटकं मिळतं आणि पडायला जागा जास्त मिळते. घाबरलेलं शरीर आपोआप तिकडे वळतं.

याच गणितातून तुम्ही उभं कुठे राहायचं तेही ठरतं. बरेच जण प्रत्येक फटक्यानंतर बेसलाइनच्या मधल्या खुणेकडे धावतात, जणू तिथे देव बसला आहे. उभं राहायची जागा त्याला शक्य असलेल्या सगळ्या फटक्यांच्या मधोमध असते, कोर्टाच्या मधोमध नाही. तुम्ही उजव्या कोपऱ्यातून तिरका मारलात तर खुणेच्या एक-दोन पावलं अलीकडे, उजवीकडेच थांबा, कारण त्याचा तिरका फटका तुम्हाला उजवीकडे खेचणार आहे. तिथूनच सरळ डाउन द लाइन मारलात तर मात्र खूण ओलांडून डावीकडे जावं लागतं. पल्ला मोठा, वेळ तोच. माझ्या अनुभवात मॅचमधला निम्मा "उशीर" अवेळी मारलेल्या डाउन द लाइनमुळे होतो.

आता त्याच्या शरीराकडे येऊ. माझे आजोबा तालमीत जायचे. खासबागेत कुस्त्या बघायला मला खांद्यावर बसवून न्यायचे. त्यांच्याकडून ऐकलेली एक गोष्ट मी रोज टेनिसमध्ये वापरतो: हाताकडे बघू नको, हात फसवतात, कमरेकडे बघ. पट काढायचा, म्हणजे समोरच्याचे पाय धरायचे, तर पैलवानाला आधी खाली जावंच लागतं. पवित्रा बदलल्याशिवाय डाव पडत नाही. रॅकेटच्या बाबतीतही तसंच आहे. प्रत्येक फटक्याची काहीतरी पूर्वतयारी असते आणि ती लपवणं फार थोड्यांना जमतं.

सर्वांत भरवशाची खूण म्हणजे तो बॉल कुठे घेतो. शरीराच्या बराच पुढे घेत असेल तर फोरहँड तिरका येणार. बॉल अंगाजवळ येऊ देत असेल, शेजारी आल्यावर मारत असेल, तर सरळ किंवा उलट्या दिशेला. छाती लवकर उघडली तर तिरका. खांदा वळलेलाच राहिला, पाठीचा भाग तुम्हाला दिसत राहिला, तर सरळ फटक्याची शक्यता धरून ठेवा. रॅकेटचं डोकं बॉलच्या खाली गेलं तर टॉपस्पिन (बॉलला पुढच्या दिशेने फिरवणारा फटका), वर राहिलं तर स्लाइस. वजन मागच्या पायावर, खांदा मागे झुकलेला आणि रॅकेटचं तोंड आकाशाकडे असेल तर लॉब. दोन हातांनी बॅकहँड खेळणाऱ्याचा एक हात ग्रिपवरून सुटला की स्लाइस किंवा ड्रॉप, यात फार क्वचित चूक होते.

हे सगळं एकदम बघायला जाऊ नका. एका मॅचमध्ये एकच खूण धरा. पहिले पंधरा दिवस फक्त "बॉल पुढे घेतोय की शेजारी" एवढंच. तुम्ही मान डोलावून पाचही खुणा लक्षात ठेवाल आणि उद्या पहिल्याच गेममध्ये बॉल मारायचं विसराल, असं माझ्या कित्येक विद्यार्थ्यांचं झालं आहे. आणि नजर कुठे ठेवायची म्हणाल, तर बॉल तुमच्याकडून निघून नेट ओलांडेपर्यंत बॉलवर, मग त्याच्या मागे न जाता आधीच समोरच्याच्या कमरेभोवतीच्या त्या पट्ट्यावर जिथे रॅकेट आणि बॉल भेटणार आहेत. चेहरा बघून काही मिळत नाही.

चेहऱ्याचा एक अपवाद प्रसिद्ध आहे, तो सांगायलाच हवा. बोरिस बेकरने आंद्रे अगासीविरुद्धच्या पहिल्या तीनही मॅच जिंकल्या होत्या. त्याची सर्व्हिस कुणाला वाचता येत नव्हती. अगासीने टेपवर टेप बघितल्या आणि त्याला दिसलं की टॉस टाकताना, म्हणजे सर्व्हिससाठी बॉल वर उडवताना, बेकरची जीभ बाहेर येते. ड्यूस कोर्टवरून (कोर्टाच्या उजव्या अर्ध्या भागातून) सर्व्हिस करताना ती ओठांच्या मध्यावर असली तर बॉल मधल्या रेषेवर किंवा अंगावर, कोपऱ्यात असली तर बाहेरच्या बाजूला. पुढच्या 11 पैकी 10 मॅच अगासीने जिंकल्या. ही हकिकत त्याने स्वतः सांगितली आहे, आणि त्यातला मला सर्वांत मोलाचा भाग वेगळाच वाटतो: सर्व्हिस वाचणं अवघड नव्हतं, आपण वाचतो आहोत हे बेकरला कळू न देणं अवघड होतं. प्रत्येक सर्व्हिस फोडत बसला असता तर बेकर सावध झाला असता. म्हणून तो मोक्याच्या पॉइंटसाठी ते राखून ठेवायचा. तुम्हाला कुणाची खोड सापडली तर ती ताबडतोब चव्हाट्यावर आणू नका.

आपल्या पातळीवर जीभ बघायची गरज नाही, टॉस पुरतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा टॉस त्याच्या उजवीकडे गेला तर स्लाइस सर्व्हिस येते, ड्यूस कोर्टवर तुम्हाला बाहेर ओढणारी. टॉस डोक्यावर किंवा डाव्या खांद्याकडे गेला तर किक, उसळणारी. क्लबमध्ये दहातले आठ जण टॉसने आपलं गुपित फोडतात असं मी छातीठोकपणे सांगतो. डावखुऱ्यांपुढे मात्र हे सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटं होतं, आणि ते आपल्याला कमी भेटतात म्हणून डोळ्यांना सवय नसते. गटात एखादा डावखुरा असेल तर त्याला चहा पाजून महिन्यातून दोनदा खेळायला बोलवा.

आता पाय. ओळखूनही पाय जमिनीला चिकटलेले असतील तर काही उपयोग नाही, म्हणून स्प्लिट स्टेप. समोरच्याची रॅकेट पुढे यायला लागली की तुम्ही हलकीशी उडी घ्यायची, दोन बोटं जमीन सुटेल एवढीच, आणि त्याने बॉल मारता मारता दोन्ही पाय टेकायचे, गुडघे मोकळे. लोक ती बॉल गेल्यावर मारतात, मग ती नुसती कवायत होते. तुमच्या "अर्ध्या पावला"चा दुसरा हिस्सा बहुधा इथे सापडेल. कुणाला तरी मोबाइलवर तुमच्या पाच मिनिटांच्या खेळाचं शूटिंग करायला सांगा. समोरच्याचा बॉल लागतो तेव्हा तुम्ही ताठ उभे असाल तर उत्तर तिथेच आहे.

मग येतात सवयी, आणि हा भाग मला सगळ्यात आवडतो. शरीर त्या क्षणाचं सांगतं, सवय संपूर्ण मॅचचं सांगते. मॅचआधीच्या पाच मिनिटांच्या वॉर्म-अपमध्ये आपण आपलेच फटके तपासत बसतो. त्यातली तीन मिनिटं त्याला द्या. मुद्दाम मधोमध बॉल टाका आणि बघा, तो फिरून फोरहँड घेतो का? बॅकहँडला उंच बॉल दिला तर मागे सरकतो का? प्रत्येक माणसाचा एक विश्वासाचा फटका असतो आणि 30-40 ला, ब्रेक पॉइंटला, तो त्याच फटक्याकडे जातो. 15-0 ला तो काय करतो ते लक्षात ठेवायची गरज नाही, तेव्हा सगळेच धाडसी असतात. बाजू बदलताना मिळणाऱ्या 90 सेकंदांत पाणी पिता पिता एवढंच आठवा की गेल्या दोन गेममध्ये अडचणीच्या वेळी त्याने कुठे मारलं. आमच्या काकांकडे छोटी वही असते. त्यात प्रत्येक नेहमीच्या खेळाडूचं एक पान आहे आणि पानावर तीन-चारच ओळी.

डबल्समध्ये हे नेटजवळ सर्वांत स्पष्ट दिसतं. लिअँडर पेसला नेटवर बघितलेल्यांना माहीत आहे, बॉल मारला जायच्या क्षणी तो निघालेला असायचा. 1996 ला अटलांटात त्याने सिंगल्समध्ये ब्राँझ मिळवलं. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या हेलसिंकीतल्या ब्राँझनंतर भारताचं ते पहिलंच वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबा इथल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी, आपल्या मातीत घडलेले. एक कुस्तीगीर, एक टेनिसपटू. समोरच्याच्या शरीरातून त्याचा पुढचा डाव वाचण्याचं काम दोघांचंही एकच, असं मला मनापासून वाटतं.

यात धोका आहे तो घाईचा. ओळखणं शिकायला लागलं की पहिल्या महिन्यात माणूस लवकर पळायला लागतो, समोरच्याला ते दिसतं आणि तो मोकळ्या जागेत बॉल टाकतो. तेव्हा वाटतं की हे सगळं फोल आहे. शंभर टक्के ओळखायचा हट्ट सोडा. साठ टक्के वाटलं तर शरीराचा कल तिकडे द्या, वजन थोडं सरकवा, ग्रिप तयार ठेवा, पण पाऊल त्याची रॅकेट परत फिरवता येणार नाही इतकी पुढे आल्यावरच उचला. पूर्ण झोकून द्यायची वेळ एकच: तुमचा बॉल आखूड उंच गेला आहे आणि तो नेटजवळ स्मॅश मारायला उभा आहे. तिथे तसंही वाचणार नाही. एक बाजू निवडा आणि शेवटच्या क्षणी धावा.

2022 मध्ये आपली ऐश्वर्या जाधव विम्बल्डनच्या 14 वर्षांखालच्या स्पर्धेत खेळून आली, त्याचा इथल्या सगळ्या टेनिसवाल्यांना आनंद झाला. त्यानंतर माझ्याकडे येणाऱ्या पालकांची पहिली मागणी असते, "सर, सर्व्हिसचा वेग वाढवा." मुलाला बघायला शिकवा, असं आजवर एकाही पालकाने म्हटलेलं नाही. तुम्ही ते विचारलंत म्हणून इतकं सविस्तर लिहितो आहे.

सरावासाठी तीन गोष्टी पुरेत. पहिली, रॅली खेळताना समोरच्याचा बॉल कुठे येणार ते मोठ्याने ओरडायचं, "उजवा" किंवा "डावा". सुरुवातीला नेट ओलांडताना ओरडाल, मग हळूहळू बॉल लागताना, मग त्याच्याही आधी. चुकलं तरी ओरडायचं. दुसरी, बाकावर बसून इतरांची मॅच बघताना बॉलचा नाद सोडायचा आणि दहा मिनिटं एकाच खेळाडूकडे बघायचं. मान इकडून तिकडे फिरली की डाव हरलात. तिसरी खास आपल्या पावसासाठी. जून उजाडला की लाल मातीची कोर्ट बंद पडतात आणि रंकाळ्यावर छत्री घेऊन फिरण्यापलीकडे टेनिसवाल्यांना काम उरत नाही. मे महिन्यातच तुमच्या नेहमीच्या खेळाडूंच्या सर्व्हिसचं, त्यांना विचारून, तुम्ही रिटर्नला उभे राहता तिथून शूटिंग करून ठेवा. पावसाळ्यात रोज वीस सर्व्हिस बघा, बॉल लागायच्या आधी थांबवा, बोला, मग पुढे जाऊ द्या. माझे एक विद्यार्थी गेल्या पावसाळ्यात हेच करत होते आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचा रिटर्न बघून त्यांच्या जोडीदाराला वाटलं, हे कुठेतरी गुपचूप खेळत होते.

राहिला तुमचा ड्रॉप शॉटवाला. तो ड्रॉप मारतो कारण तुम्ही त्याला तो मारायला देता. माझा अंदाज, तुमचा बॉल सर्व्हिस लाइनच्या आसपास पडतो आणि तुम्ही बेसलाइनच्या मीटर-दोन मीटर मागे असता. आधी त्या बॉलची खोली वाढवा. खुणा बघायच्या तर त्याची ग्रिप फोरहँडवरून कुऱ्हाड धरल्यासारखी होते का, रॅकेट नेहमीइतकी मागे न जाता खांद्यापाशीच थांबते का, आणि एरवी जोर लावणारे पाय अचानक शांत होतात का. ही शांतता मला तरी सर्वांत आधी दिसते. ती दिसली की एक पाऊल आत या, पळत सुटू नका. बॉलपाशी पोहोचल्यावर तुमचीही पाळी आहे: तो तुमचा जोराचा फटका अडवायला मागेच थांबलेला असेल, तर तुम्हीही हलकेच नेटपलीकडे टाका.

पुढच्या वेळी त्याच्याशी खेळाल तेव्हा जिंकण्या-हरण्याकडे जरा कमी लक्ष द्या. त्याचे पहिले सहा ड्रॉप शॉट मोजा आणि प्रत्येकाच्या आधीचा तुमचा बॉल कुठे पडला होता तेवढं लिहून आणा. सहाही जवळजवळ एकाच जागी पडलेले असतील, असं मला वाटतं.